डर्बीशरमधील पायवाटा

डर्बीशर हा इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्स विभागातला परगणा. त्याच्या उत्तर आणि वायव्य भागातील डोंगराळ प्रदेश पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात मोडतो. १७ एप्रिल १९५१ रोजी स्थापन झालेले हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,४३८ चौ. किमी. आहे आणि ते शेजारच्या परगण्यांतही पसरले आहे. येथे उद्यान म्हणजे माणसे हटवून राखलेले अरण्य नव्हे. त्यात गावे आहेत, मेंढ्यांची कुरणे आहेत, चुनखडीच्या चालू खाणी आहेत आणि बरीचशी जमीन खाजगी मालकीची आहे.

अशा जमिनीतून वाटसरूला जाता येते ते कायद्याच्या आधाराने. परंपरेने वहिवाटीत असलेली पायवाट शेताच्या मधून गेली असली तरी ती सार्वजनिक राहते. जमीन विकली गेली तरी वाटेचा हक्क संपत नाही. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे ठेवण्याची जबाबदारी परगणा परिषदांवर टाकली. खांबावरचा पिवळा बाण केवळ पायी चालणाऱ्यांची वाट दाखवतो, तर निळ्या बाणाच्या वाटेवर घोडा आणि सायकलही चालते. पुढे २००० च्या कायद्याने डोंगर व माळरानांचे मोठे पट्टे वाट सोडूनही पायी फिरण्यासाठी खुले झाले.

भूरचनेचे दोन ठळक भाग पडतात. दक्षिणेकडील 'व्हाइट पीक' हा चुनखडीचा प्रदेश आहे. वर हिरवी, गडग्यांनी चौकोन पाडलेली कुरणे आणि मध्येच खोल कापत गेलेल्या अरुंद दऱ्या, असे त्याचे रूप. उत्तरेचा 'डार्क पीक' भरड वालुकाश्माचा. त्याचे सपाट माथे पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, काळ्या थराने आणि हेदरच्या झुडपांनी झाकलेले आहेत, आणि त्यांच्या कडांवर स्टॅनेजसारखे लांबच लांब सुळके व कडे आहेत. चुनखडीवरची वाट पावसात, विशेषतः हजारो पावलांनी गुळगुळीत झालेल्या ठिकाणी, कमालीची निसरडी होते. पीटवरची वाट निसरडी होण्याऐवजी पाय आत ओढते.

वाट कोणाला झेपेल हे ठरवताना साधारणपणे अंतर आणि चढ पाहिला जातो. डोंगरवाटेच्या वेळेचा १८९२ पासून चालत आलेला नेस्मिथचा ठोकताळाही हेच दोन आकडे धरतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या प्रत्येक सहाशे मीटरला आणखी एक तास. परंतु गुडघे दुखणारी आजी, बाबागाडी ढकलणारे पालक किंवा व्हीलचेअर वापरणारा माणूस यांच्या दृष्टीने हे दोन्ही आकडे दुय्यम आहेत. त्यांची वाट अडते ती गडग्यापाशी. तेथे कधी भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या असतात, कधी दोन्हीकडून टेकवलेली लाकडी शिडी, कधी दोन उभ्या दगडांमधली जेमतेम पाय जाईल एवढी फट. या सर्वांना 'स्टाइल' म्हणतात. माणूस जावा पण मेंढरू जाऊ नये, हा त्यांचा हेतू. आणि कोणी फाटक उघडे टाकून जाण्याची भीती नसल्याने शेतकऱ्यांना त्या सोयीच्या वाटतात. दोन किलोमीटरच्या सपाट वाटेवर अशी एक शिडी आली, की काही जणांपुरती ती वाट संपते. म्हणून उद्यानाने 'माइल्स विदाउट स्टाइल्स' या नावाने शिडी नसलेल्या वाटांची वेगळी यादी केली आहे. अडचणीची प्रतवारी करण्याची ही पद्धत 'सोपी-मध्यम-कठीण' या नेहमीच्या शिक्क्यांपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

डर्बीशरच्या सर्वांत सोप्या वाटा निसर्गाने दिलेल्या नाहीत, त्या मोडीत निघालेल्या उद्योगांनी मागे ठेवल्या आहेत. वाय नदीच्या दरीतील मॉन्सल ट्रेल ही त्यांतली प्रमुख. मिडलंड रेल्वेने १८६० च्या दशकात दऱ्यांवरून पूल बांधत आणि डोंगर पोखरत हा लोहमार्ग नेला. हेडस्टोन पुलाच्या पाच कमानी दरीत उभ्या राहिल्या तेव्हा कलासमीक्षक जॉन रस्किनने दरी नासवल्याबद्दल रेल्वेवर झोड उठवली होती. १९६८ मध्ये मार्ग बंद पडला, आणि पुढे त्याच पुलाला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. आज लोक तो पूल पाहायलाच मॉन्सल हेडला येतात. बेकवेलपासून बक्स्टनच्या दिशेने सुमारे साडेआठ मैल, म्हणजे जवळपास १४ किमी., जाणारी ही वाट रुळांच्या जागी तयार झाली. पण कित्येक वर्षे बोगदे बंद असल्याने प्रत्येक बोगद्याशी चालणाऱ्याला वाट सोडून चढउतार करत वळसा घ्यावा लागे. २०११ मध्ये बोगदे दिवे लावून खुले केले गेले आणि व्हीलचेअर व बाबागाडीला अख्खी दरी मोकळी झाली. बोगद्यांत मात्र भर उन्हाळ्यातही गारठा असतो, जवळ एखादा जाड कपडा असलेला बरा.

याच दरीत, रुळांच्या वाटेखाली, चीडेल नावाचा अरुंद भाग आहे. तेथे पायवाट नदीच्या काठाने जाते आणि कडा थेट पाण्याला भिडतो त्या ठिकाणी पाण्यात ओळीने ठेवलेल्या मोठ्या दगडांवरून पाय टाकत पुढे सरकावे लागते. नदी फुगली की दगड बुडतात आणि वाट बंद होते. वरची वाट चाकांना चालते, खालची धडधाकट माणसालाही हात टेकायला लावते. आणि दोन्हींमधले अंतर काही ठिकाणी एका हाकेचे आहे. घरातली मंडळी दोन गटांत विभागून मिलर्स डेलच्या जुन्या स्थानकावर एकत्र येऊ शकतात. परगण्यातील सर्व वाटांत अशी सोय देणारी ही जागा सर्वांत सरस म्हणावी लागेल.

ॲशबोर्न ते पार्सली हे हा १३ मैलांचा टिसिंग्टन ट्रेल १९७१ मध्ये खुला झाला. रेल्वेमार्गाची सार्वजनिक वाट करण्याचा हा ब्रिटनमधील सुरुवातीचा प्रयोग. त्याला मिळणाऱ्या हाय पीक ट्रेलच्या बाबतीत मात्र 'रेल्वे म्हणजे सपाट' हे गृहीतक फसते. १८३१ मध्ये पूर्ण झालेल्या क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वेवर वाघिणी काही ठिकाणी स्थिर वाफेच्या इंजिनाने दोराने ओढून वर नेल्या जात. ते उतार तसेच आहेत. मिडलटनचा उतार साधारण आठास एक या प्रमाणाचा आहे. व्हीलचेअर घेऊन क्रॉमफर्डच्या पायथ्यापासून सुरुवात न करता वरच्या पठारावरून करावी.

क्रॉमफर्डलाच दुसरी निवांत वाट आहे, कालव्याच्या काठची. रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये येथे पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारायला घेतली, आणि तिच्यासह डरवेंट खोऱ्यातील गिरण्यांना २००१ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. कालव्यातून नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली ही काठची वाट अँबरगेटपर्यंत सुमारे पाच मैल जवळजवळ समपातळीत जाते. डरवेंट नदीच्या वरच्या अंगाला धरणे आहेत. लेडीबोअर जलाशयात डरवेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावे बुडाली. तेथील फेअरहोम्स या वाहनतळाच्या पुढचा काठचा डांबरी रस्ता शनिवार-रविवारी मोटारींना बंद असतो, त्यामुळे चाकांची खुर्ची तेथे निर्धास्त नेता येते.

मधल्या दर्जाच्या वाटांत मॅम टोर (५१७ मी.) सर्वांना ठाऊक आहे. वाहनतळ उंचावर असल्याने माथ्यापर्यंतची चढण थोडी आणि दगडी पायऱ्यांची आहे. तेथून लूझ हिलपर्यंत डोंगरधारेने जाताना एका बाजूला ईडेल आणि दुसरीकडे होप खोरे दिसते. डोंगराची एक बाजू सतत घसरत असते. पायथ्याचा हमरस्ता वारंवार दुरुस्त करून अखेर १९७९ मध्ये सोडून द्यावा लागला. त्याचे दुमडलेले, तडकलेले डांबर पाहत चालणे हा वेगळाच अनुभव. डव्हडेलच्या नदीतील दगडांपर्यंतची वाट सोपी आणि म्हणूनच सुट्टीच्या दिवशी गर्दीची. एकांत हवा असेल तर लॅथकिल डेल बरे.

कठीण वाटांचे केंद्र म्हणजे किंडर स्काउट, परगण्यातील सर्वोच्च जागा, ६३६ मी. उंची ऐकून फसू नये. माथा टोकदार नाही, ते मैलोगणती पसरलेले पीटचे पठार आहे. त्यात माणसाच्या उंचीपेक्षा खोल घळी आहेत आणि धुके उतरले की दिशा कळत नाही. नकाशा, होकायंत्र आणि ते वापरण्याची सवय नसलेल्याने कडेच्या वाटेवरून आत शिरू नये. मार्च १९६४ मध्ये याच पट्ट्यातील 'फोर इन्स' या लांब पल्ल्याच्या चालीत वादळी हवेत तीन तरुण स्काउट दगावले. स्वयंसेवी बचाव पथकांची एकत्रित संघटना त्या दुर्घटनेनंतर उभी राहिली.

एकेकाळी हे पठार ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले होते आणि मँचेस्टर-शेफील्डच्या कामगारांना तेथे मज्जाव होता. २४ एप्रिल १९३२ रोजी वीस वर्षांच्या बेनी रॉथमनच्या पुढाकाराने शेकडो तरुण हेफील्डहून मुद्दाम किंडरवर चढले. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची शिक्षा झाली. २००२ मध्ये, सत्तराव्या वर्धापनदिनी, ज्यांच्या घराण्याकडे तेथील जमीन होती त्या डेव्हनशरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळातील त्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. ईडेलहून निघून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे पोहोचणारी २६८ मैलांची पेनाइन वे ही वाटही याच प्रदेशातून सुरू होते. ती १९६५ मध्ये खुली झाली.

ज्या गिरण्यांतून ते कामगार येत त्यांच्या धुराड्यांनी या पठाराचे मोठे नुकसान केले होते. काजळी आणि आम्लयुक्त पावसाने पीट धरून ठेवणारे शेवाळ मेले आणि माती उघडी पडली. २००३ पासून तेथे पुन्हा शेवाळ लावण्याचे काम चालू आहे. चालणाऱ्यांच्या पायांनी चिखल रुंदावू नये म्हणून काही पट्ट्यांवर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनीवरील फरशा हेलिकॉप्टरने आणून बसवल्या आहेत. खुल्या माळरानावर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा आखूड दोरीने बांधलेला असावा लागतो, कारण तेव्हा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा वीण हंगाम असतो.

मोटार नसलेल्यांसाठी मँचेस्टर आणि शेफील्ड यांना जोडणारी होप व्हॅली रेल्वे सोयीची आहे. ईडेल स्थानकातून बाहेर पडताच वाट सुरू होते. व्हीलचेअरसाठी मात्र गाडी कितीही सोयीची असली तरी पुढच्या गडग्याचे काय, हा प्रश्न उरतो. स्टाइल आणि फाटके सुस्थितीत ठेवणे ही कायद्याने जमीनमालकाची जबाबदारी आहे; खर्चाचा किमान चौथा हिस्सा परिषदेने द्यायचा असतो. शिडीऐवजी मोकळी फट किंवा रुंद फाटक बसवायचे तर बहुधा मालकाशी करार करावा लागतो. काही जुन्या दगडी फटी गडग्याइतक्याच जुन्या आणि जपण्यासारख्या असल्याने त्या काढाव्यात की बाजूला फाटक करावे, यावरही मतभेद होतात. परिणामी वाटा मोकळ्या होतात त्या एकेका शेतागणिक.