एमसीबी पडला की आरसीसीबी? दुकानाच्या बोर्डावरचे दोन सारखे दिसणारे खटके

म्हापशाच्या बाजारातले जुन्या इमारतीमधले दुकान असो किंवा खेड्यातला, कोकणीत ज्याला पसरो म्हणतात तसा किराण्याचा गाळा असो, विजेच्या बोर्डावर पांढऱ्या खटक्यांची एक ओळ असतेच. त्यातला कोणताही खटका खाली आला की दुकानदार "एमसीबी पडला" असे म्हणून तो वर करतो आणि गिऱ्हाइकाकडे वळतो. त्या ओळीत बहुधा दोन वेगळ्या जातींची उपकरणे असतात, जादा प्रवाह तोडणारा एमसीबी आणि जमिनीत होणारी विजेची गळती ओळखणारा आरसीसीबी, आणि त्यांच्या पडण्याची कारणेही अगदी वेगळी असतात, त्यामुळे नेमके कोणते पडले हे न पाहता खटका वर करणे म्हणजे दोष तसाच झाकून ठेवणे होय.

ओळखण्याची खूण सोपी आहे. आरसीसीबी सिंगल फेजच्या बोर्डावर सहसा दोन खटक्यांइतका रुंद असतो, त्याच्यावर 30 एमए किंवा 300 एमए (एमए म्हणजे मिलिअँपिअर) असा आकडा असतो आणि 'टी' अक्षराचे एक लहान बटण असते. एमसीबीला असे बटण नसते. त्याच्यावर सी 16, सी 32 अशी अक्षर-आकड्याची जोडी छापलेली असते, अक्षर म्हणजे प्रकार आणि आकडा म्हणजे अँपिअर.

एमसीबी वायरीचे रक्षण करतो. हे वाक्य शब्दशः घ्यावे, कारण तो फ्रीजचे किंवा माणसाचे रक्षण करतो हा समज सर्वत्र आढळतो. वायरीतून तिला झेपेल त्याहून अधिक प्रवाह वाहू लागला की ती तापते, आवरण मऊ पडते आणि शेवटी पेटते. त्याआधी प्रवाह तोडणे एवढेच एमसीबीचे काम आहे. शॉर्ट सर्किट झाले तर तो क्षणात पडतो. सी प्रकारात त्यासाठी नोंदलेल्या प्रवाहाच्या 5 ते 10 पट प्रवाह लागतो. थोड्याशा जादा भारावर मात्र तो सावकाश वागतो. 16 अँपिअरच्या एमसीबीतून 18 अँपिअर प्रवाह तासभर वाहिला तरी तो पडत नाही, आणि 23 च्या किंचित वर गेला तर तासाभराच्या आत पडणे त्याला बंधनकारक असते. आता दिव्यांसाठी ओढलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर डीप फ्रीझर आणि चतुर्थीच्या माळा लागल्या, एमसीबी वारंवार पडू लागला आणि कोणीतरी 16 च्या जागी 32 चा बसवून दिला, तर पडणे थांबते हे खरे. पण आता वायर तापत राहते आणि तिला थांबवणारे कोणी उरत नाही. अशा वेळी एमसीबी मोठा न करता वायर बदलावी किंवा भार दुसऱ्या सर्किटवर न्यावा.

आरसीसीबीला भाराशी काही देणेघेणे नसते. त्याच्यावर 40 अँपिअर असे छापलेले असते म्हणून 40 च्या वर गेल्यास तो पडेल असे अनेकांना वाटते, परंतु तो आकडा त्याला सोसवणाऱ्या प्रवाहाचा आहे, तोडण्याचा नव्हे. तो फक्त हिशेब जुळवतो: फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, जितका प्रवाह आत गेला तितकाच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परत आला पाहिजे. तूट आली म्हणजे प्रवाह ओल्या भिंतीतून, फ्रीजच्या पत्र्यातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत चालला आहे असे धरून तो पडतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसाला वाचवण्यासाठी असतो. 300 चा मुख्यतः आग टाळण्यासाठी. 300 मिलिअँपिअर म्हणजे 230 व्होल्टवर सुमारे 69 वॉट, एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढी उष्णता. हीच उष्णता लाकडी माळ्यावर, धूळ आणि पुठ्ठ्यांच्या खोक्यांमध्ये एकाच बिंदूवर साचली तर पेट घेण्यास पुरेशी ठरू शकते. आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला हा 0.3 अँपिअरचा प्रवाह दिसतच नाही.

गोव्यात ही गोष्ट पावसाळ्यात अंगावर येते. जून ते सप्टेंबर कौलांतून झिरपणारे पाणी, भिंतीतली ओल आणि किनाऱ्याजवळची खारी हवा यांमुळे थोडी थोडी गळती सर्वत्र होते, आणि तिच्यात संगणक, एलईडी दिवे यांची स्वतःची बारीक गळती मिळून आरसीसीबी दिवसातून तीनदा पडतो. मग ओळखीचा वायरमन येतो आणि दोन तारा सरळ जोडून त्याला बाजूला टाकतो. याला दुरुस्ती म्हणणे मला पटत नाही.

खरा शोध असा घ्यावा: सगळे एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावा आणि मग एकेक एमसीबी चढवत जावा, ज्याच्यावर तो पडेल त्या सर्किटमध्ये दोष आहे. यात एक मेख आहे. साधा एकपदरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळे न्यूट्रल कुठे जमिनीला टेकला असेल तर या पद्धतीने भलतेच सर्किट दोषी ठरू शकते. इन्व्हर्टरचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळला असला तरीही आरसीसीबी विनाकारण पडल्यासारखा वाटतो.

दोघांनाही न दिसणारी एक गोष्ट राहते, ती म्हणजे सैल स्क्रू. परिचयातल्या एका दुकानात बोर्डाचे झाकण उघडले तेव्हा न्यूट्रलच्या पट्टीवरची एक वायर टोकाला तपकिरी, कडक झाली होती आणि जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. प्रवाह जादा नव्हता, म्हणून एमसीबी गप्प. गळती नव्हती, म्हणून आरसीसीबी गप्प. सैल जोडापाशी फक्त उष्णता साचत होती. पावसाळ्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करून जाणत्या माणसाकडून सगळे स्क्रू आवळून घेणे हाच याला उपाय आहे.

रात्रीचा प्रश्न निराळा. शटर ओढताना मेन बंद करावा तर कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग थांबते, म्हणून बहुतेक जण सारा बोर्ड चालू ठेवून जातात. त्यापेक्षा कॅमेरे आणि फ्रीझर यांना वेगवेगळी सर्किटे द्यावीत आणि शक्य असल्यास प्रत्येकावर आरसीबीओ बसवावा. त्यात दोन्ही कामे एकत्र असतात. मग फ्रीझरच्या गळतीने कॅमेरे बंद पडत नाहीत आणि बाकीची दुकानदारी खरोखर बंद करून घरी जाता येते.

अर्थिंगही विसरून चालत नाही. जांभ्याच्या पठारावरची माती उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. आरसीसीबी अर्थिंगशिवायही पडतो, पण तेव्हा गळती वाहण्यासाठी कोणीतरी फ्रीजच्या पत्र्याला हात लावावा लागतो.

'टी' बटण महिन्यातून एकदा दाबावे. खटका लगेच खाली आला पाहिजे. न आल्यास ते उपकरण बदलावे. अर्थिंगची स्थिती या चाचणीतून कळत नाही, ती वेगळी मोजून घ्यावी लागते. दिवसा दाबायचे म्हटले की बिल करणारा संगणक मध्येच बंद पडतो, म्हणून शटर वर करून दिवा लावल्याबरोबर, संगणक सुरू करण्याआधीच हे काम उरकणे सोयीचे पडते.