नाक दाबून शिकायचा धडा

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात शाळेच्या सहली येतात. फ्लेमिंगो बघायला आलेली मुलं बोटीत बसायच्या आधीच नाक दाबतात. खाडीच्या चिखलाला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. माझ्या मते हवामानबदलाचा धडा त्या वासापासूनच सुरू करावा.

त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे तिवराची, म्हणजे खारफुटीच्या झाडाची, गळलेली पानं, मेलेली मुळं फार सावकाश कुजतात आणि झाडानं हवेतून ओढलेला कार्बन शतकानुशतकं खाली गाडलेला राहतो. प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू खाऱ्या पाण्यातल्या सल्फेट या क्षारावर भागवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तोच हा वास. एवढं कळलेलं मूल खाडीला 'घाण' म्हणणार नाही, आणि खारफुटीवर पडणारा डेब्रिजचा ढीग त्याला खुपेल.

२०१५ साली 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात ११९ देशांतल्या जनमत चाचणीचा अभ्यास आला. हवामानबदल माहीत असण्याशी जगभरात सर्वांत घट्ट नातं शिक्षणाचं निघालं. मात्र माहीत असणं वेगळं, धास्ती वाटणं वेगळं. आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोक्याची जाणीव आपल्या गावचा उन्हाळा बदलल्याच्या अनुभवाशी अधिक जोडलेली होती. पुस्तकातलं वितळणारं हिमनग पाठ करणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे फार मोलाचं आहे.

त्याच नियतकालिकात २०१९ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा प्रयोग छापून आला. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांना स्थानिक उदाहरणांतून हवामानबदल शिकवला आणि घरच्यांची मुलाखत घ्यायला लावली. मुलांसोबत आईवडिलांचीही काळजी वाढली. वडिलांमध्ये विशेष, आणि मुलींचा प्रभाव मुलग्यांपेक्षा जास्त. लेकीनं जेवताना विचारलेला प्रश्न बापाला टाळता येत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे पर्यावरण हा विषय सक्तीचा आहे, पण प्रकल्प थर्माकोलचा होतो. त्यापेक्षा नवी मुंबईतल्या मुलानं घरी विचारावं: आपला धारण तलाव कुठे आहे? शहराचे बरेच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरतीला तलावाची खाडीकडची दारं मिटतात, पाऊस तलावात थोपतो, ओहोटीला बाहेर पडतो. तलाव गाळानं भरला की थोपायला जागा उरत नाही. हवामानबदलानं समुद्राची पातळी चढली की दारं उघडी राहण्याचा वेळही आखडतो.