माळ्यावरून निसटणारी ऊब

अमेरिकेत वीजनिर्मितीतून होणारं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २००५ पासून सुमारे ४० टक्क्यांनी घटलं आहे. कोळसा मागे पडला आणि त्याची जागा नैसर्गिक वायू, वारा आणि सूर्य यांनी घेतली. पण देशातली जवळपास निम्मी घरं हिवाळ्यात थेट गॅस जाळून गरम होतात. वीज कितीही स्वच्छ झाली तरी तळघरातली ती गॅसची फर्नेस तेवढाच धूर सोडत राहते. शिवाय घरात लागणाऱ्या एकूण ऊर्जेतली साधारण निम्मी ऊर्जा घर गरम किंवा थंड ठेवण्यातच खर्च होते. म्हणून सोलर पॅनल किंवा नवा हीट पंप (विजेवर घर गरम-थंड करणारं यंत्र) घेण्याआधी शिडी लावून माळ्यावर जावं.

आपल्याकडच्या कौलारू घरात हवा खेळती हवी असते. लाकडी सांगाड्याच्या अमेरिकी घरात जानेवारीत तीच हवा महाग पडते. गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि माळ्याच्या फटींतून निसटते. तिची जागा भरायला तळघरातून थंड हवा आत ओढली जाते. पायाला गारवा लागतो तो बऱ्याचदा डोक्यावरच्या भोकांमुळे.

किती गळतं ते मोजता येतं. मुख्य दारात कापडी पडदा ताणून त्यात मोठा पंखा बसवतात आणि घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलनं कमी करतात. याला ब्लोअर डोअर चाचणी म्हणतात. २,००० चौरस फुटांच्या, ८ फूट उंचीच्या घरात १६,००० घनफूट हवा मावते. ५० पास्कलला पंखा मिनिटाला सुमारे २,६७० घनफूट हवा ओढत असेल, तर घरातली सगळी हवा तासाला दहा वेळा बदलते आहे. जुन्या घरांत हे नेहमीचंच. राज्यांसाठी नमुना म्हणून बनवलेल्या २०१२ च्या बांधकाम संहितेनं थंड भागातल्या नव्या घरांसाठी याची मर्यादा तासाला ३ वेळा ठेवली.

भोकं शोधायला माळ्यावरचं पिवळं किंवा गुलाबी फायबरग्लास, म्हणजे ऊब अडवणारी काचतंतूंची गादी, उचलून बघा. जिथे ते खालून काळवंडलेलं दिसेल तिथूनच हवा वर येते. वर्षानुवर्षं घरातली धूळ त्यात गाळली गेलेली असते. नळाचे पाइप जिथून वर येतात ती जागा, भिंतींच्या माथ्यावरची लाकडं, छतात बसवलेले दिवे आणि माळ्याचं झाकण तपासा. पाय मात्र लाकडी तुळईवरच ठेवा. मधल्या भागात फक्त जिप्समचा पातळ बोर्ड असतो, त्यावर पाय दिला तर तो थेट खालच्या खोलीत निघतो.

लहान फटींना डब्यातला फोम चालतो. धुराड्याभोवती तो अजिबात नको, कारण तिथे आग लागू शकते. तिथे पत्रा कापून बसवायचा आणि कडा उष्णता सोसणाऱ्या सीलंटनं बंद करायच्या. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी लावायची. माळ्यातून हवेचे डक्ट जात असतील तर त्यांच्या सांध्यांना मॅस्टिक या घट्ट सीलंटचा लेप द्यायचा. नावात डक्ट असलेली ती कापडी चिकटपट्टी डक्टवर टिकत नाही, हे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या चाचण्यांत दिसलं आहे. उष्णतेनं तिचा गोंद सुकतो आणि पट्टी सुटते.

फटी बुजल्या की मगच वरून सेल्युलोज, म्हणजे ऊब अडवणारा कागदाचा भुगा, भरायचं. आधी भरलं तर भोकं त्याखाली गाडली जातात आणि हवा त्यातून आरामात वर जाते. उष्णता अडवण्याची क्षमता आर या आकड्यात मोजतात. सेल्युलोजचा हा रोध इंचाला साधारण ३.५ असतो, म्हणजे आर-४९ साठी सुमारे १४ इंचांचा थर हवा. छपराच्या कडेचे हवेचे झरोके त्यात बुजू देऊ नका, नाहीतर माळा दमट होऊन लाकूड कुजतं. जुन्या घरात चिनीमातीच्या खुंट्यांवरून गेलेली वायर दिसली किंवा चमकदार खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट दिसलं, तर काम थांबवा. ती वायर झाकली तर तापते आणि व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

फायदा किती, हे साध्या हिशेबानं काढता येतं. माळा १,००० चौरस फुटांचा, थंडी वर्षाला ६,००० फॅरनहाइट डिग्री-दिवसांची (थंडी किती आणि किती दिवस, याचं एकत्रित माप) आणि फर्नेस ८० टक्के कार्यक्षम धरा. आर-११ वरून आर-४९ वर गेलं की वर्षाला सुमारे १२५ थर्म (गॅसमधली ऊर्जा मोजायचं एकक) गॅस वाचतो. म्हणजे ६५० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड कमी. फटी बुजवून वाचलेली ऊब यात धरलेलीच नाही.

या कामाला २०२२ च्या कायद्यानं खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला कमाल १,२०० डॉलर करसवलत दिली होती. २०२५ मध्ये कायदा बदलला आणि ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या कामांना ती मिळत नाही. चांगली योजना अशी अर्ध्यावर तोडणं चुकीचं झालं. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या घरांत अशी कामं करून देण्यासाठी १९७६ मध्ये केंद्रीय योजना सुरू झाली. अनेक राज्यांत वीज आणि गॅस कंपन्याही सूट देतात, ती काम सुरू करण्याआधीच विचारून घ्यावी.

घर घट्ट झालं की एक धोका वाढतो. फोडणीचा धूर ओढायला मिनिटाला ४०० घनफुटांहून मोठा हूड लावला असेल, तर बाहेरची हवा सहज आत येत नाही. मग हूड गॅसच्या बंबाचा धूर चिमणीतून उलटा घरात ओढतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. काम संपल्यावर सगळे पंखे आणि हूड एकदम चालू करून, दारं-खिडक्या लावून बंबाच्या चिमणीचा ओढा तपासून घ्या. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.