लुआ

हवाई बेटांच्या मूळ रहिवाशांची पारंपरिक युद्धकला. पूर्ण नाव कापू कुइआलुआ. झोंबी, ठोसे, सांधे निखळवणे, हाडे मोडणे, मर्मावर आघात आणि शस्त्रविद्या असे सगळेच तिच्यात येते. पॉलिनेशियन दर्यावर्दींनी ही बेटे वसवली आणि लढण्याच्या रीतीही सोबत आणल्या. मात्र लुआ घडली ती हवाईतच, सरदारांच्या आपसांतील लढायांत.

ही विद्या वाटेल त्याला मिळत नसे. ‘अलिई’ म्हणजे सरदार घराणी आणि त्यांचे अंगरक्षक यांच्यापुरती ती राखलेली होती. निष्णात गुरूला ‘ओलोहे’ म्हणत. लढवय्ये अंगावरचे केस काढून टाकत आणि खोबरेल चोळून उतरत, म्हणजे समोरच्याची पकडच बसू नये. आपल्या आखाड्यात पकड बसावी म्हणून माती चोळतात. इथे हिशेब नेमका उलटा.

बेटांवर धातू गाळला जात नसे, त्यामुळे शस्त्रे लाकूड, दगड आणि हाडांची. ‘लेइओमानो’ हे त्यांतले सर्वांत भयंकर. कठीण लाकडाच्या कडेला शार्कचे दात दोऱ्याने घट्ट बांधलेले असत. एका फटक्यात कातडी चिरत जाई. ‘पिकोई’ म्हणजे दोरीला बांधलेले वजन. ते शत्रूच्या पायांत गुंतवून त्याला आडवा करायचा. शिवाय लांब भाला ‘पोलोलू’, खंजीर ‘पाहोआ’ आणि गोफण.

पुढे राजा झालेला कामेहामेहा हा केकूहाउपिओ या नामांकित योद्ध्याचा शिष्य. 1793 साली ब्रिटिश नाविक व्हँकूव्हरने त्याला लुटूपुटूच्या लढाईत पाहिले. एकदम सहा भाले आले. तीन त्याने हवेतच धरले, दोन परतवले आणि सहावा अंग किंचित वळवून चुकवला, असे व्हँकूव्हर लिहितो.

ज्या कामेहामेहाने हे कौशल्य मिरवले, त्यानेच तोफा-बंदुकाही वापरल्या. 1810 पर्यंत सारी बेटे त्याच्या अमलाखाली आली आणि सरदारांच्या लढाया थांबल्या. 1819 मध्ये निषेधांची ‘कापू’ व्यवस्था मोडली, दुसऱ्याच वर्षी मिशनरी आले. लुआ घराघरांत दडली. हुला नृत्यातल्या गुडघे वाकवून केलेल्या ठाण मांडणीत तिच्या खुणा दाखवल्या जातात. हुलावरही 1830 मध्ये बंदी आली होती. राजा कालाकाउआने (कारकीर्द 1874–1891) हुलाला पुन्हा दरबारी मान दिला.

1970 च्या दशकात अभ्यासक चार्ल्स केन यांनी मोजक्या शिष्यांना लुआ शिकवली. आजच्या शिकवणीचा बराचसा भाग या अरुंद वाटेने आला आहे, तेव्हा तीत जुने किती आणि नव्याने जुळवलेले किती, हे ठरवताना सावध राहिलेले बरे. होनोलुलूच्या पालामा वस्तीत 1947 च्या सुमारास घडलेल्या काजुकेन्बोशी मात्र तिची गल्लत करू नये. ती कला मुख्यतः कराटे, जुडो-जुजुत्सू, केन्पो आणि चिनी मुष्टियुद्ध यांच्या मिश्रणातून तयार झाली.