टाइड म्हणजे आधी वेळ, मग पाणी

शाळेच्या फळ्यावर किंवा कॅलेंडरच्या पानावर एक इंग्रजी सुविचार हमखास भेटतो: टाइम अँड टाइड वेट फॉर नो मॅन. मराठीत तो ‘काळ आणि भरती कुणासाठी थांबत नाहीत’ असा उतरतो. कोकणात तो लगेच पटतो, कारण भरती चुकली की होडी चिखलात बसते. गंमत अशी, की त्या म्हणीत मुळात समुद्र नव्हताच. तिथला टाइड म्हणजे वेळ. आपल्या ‘वेळकाळ’सारखी ती जोडी, वर ट-टचा अनुप्रास.

जुन्या इंग्रजीत ‘टीड’ म्हणजे वेळ, घटका, सणाचे दिवस. जर्मन ‘त्साइट’चा अर्थ आजही वेळच आहे. नाताळचे दिवस ते ‘यूलटाइड’. ‘टायडी’ म्हणजे आधी ‘वेळेवरचं’, नंतर ‘नीटनेटकं’. 1946 साली अमेरिकेत ‘टाइड’ नावाची कपडे धुण्याची पावडर निघाली, आणि आपल्यापैकी अनेकांची या शब्दाशी ओळख वाण्याच्या दुकानातच झाली असणार. भरती-ओहोटीला जुन्या इंग्रजीत निराळे शब्द होते. टाइडला पाण्याचा अर्थ चिकटला तो 14व्या शतकाच्या सुमारास.

‘मग टाइड आपल्या तिथीवरूनच आला!’ असं कुणी म्हणण्याआधी सांगतो, नाही. इंग्रजी शब्दाच्या आरंभीच्या ‘ट’ला संस्कृतात ‘द’ भेटतो: द्वि-टू, दश-टेन, दंत-टूथ. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमाचा हा भाग. तिथीच्या आरंभी मात्र ‘त’ आहे, म्हणून ती जुळत नाही. टाइडचं मूळ ‘वाटणे, तुकडे पाडणे’ या अर्थाच्या धातूत आहे. टाइड म्हणजे काळाचा तुकडा. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडणं हा आपल्याकडे आवडता उद्योग आहे, पण त्याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. संस्कृतात हाच खेळ वेगळ्या शब्दाने केला: ‘वेला’ म्हणजे वेळ, किनारा आणि भरतीही.

दोन भाषांना वेळ आणि भरती एका शब्दात का कोंबावीशी वाटली, हे कळायला कोकणातला एक जुना हिशेब पुरे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी? चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असलेल्यांना घड्याळाचीही गरज नव्हती.

हे जमतं कसं? तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकायला लागणारा काळ. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे ते 12 अंश भरून काढायला तिला 48 मिनिटं जास्त लागतात. तेवढाच चंद्र प्रत्येक तिथीला उशिरा डोक्यावर येतो आणि त्याच्यामागे भरतीही. काटेकोर गुणक 48 मिनिटांचा, पण तोंडी हिशेबाला 45 सोपे, म्हणून पाऊण. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत तेच गणित चालतं, कारण चंद्राच्या ओढीतल्या फरकामुळे पाणी पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना फुगतं: चंद्राकडे आणि बरोबर उलट दिशेलाही. अमावास्येचा चंद्र आणि पौर्णिमेचा चंद्र समोरासमोरच्या जागी असले तरी समुद्राला ते सारखेच. मात्र त्या दिवशी चंद्र बाराच्या सुमारास माथ्यावर किंवा बरोबर पायाखाली असला, तरी बारा वाजताच भरती यावी असं नाही. किनाऱ्याचा आकार आणि तळाची खोली प्रत्येक बंदराला आपापला फरक देतात. कोकणात तो असा पडला, की पाऊणकी अर्ध्या-पाऊण तासाच्या चुकीने निभावते.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. बेत झकास वाटतो. पण अष्टमी भांगाची, म्हणजे मंद भरती-ओहोटीची. सूर्य-चंद्राची ओढ तेव्हा काटकोनात असते, त्यामुळे पाणी धड चढत नाही आणि धड ओसरतही नाही. पाऊणकी वेळ सांगते, खोली नाही. आणि खाडीत तर वेळही बदलते: दाभोळच्या मुखाशी भरती पुरी झाली तरी वाशिष्ठीत वर गोवळकोटकडे पाणी अजून चढतच असतं. तिथे पाऊणकीत वरची भर घालावी लागते.