स्नायूंचे आकुंचन आणि स्नायुवृद्धी

ताण निर्माण करताना स्नायूची लांबी घटते, वाढते किंवा तेवढीच राहते. त्यावरून आकुंचनाचे तीन प्रकार मानतात. डंबेल उचलताना दंडातला बायसेप्स आखूड होतो, ते काँसेंट्रिक. डंबेल सावकाश खाली आणताना तोच स्नायू ताण धरून लांबतो, ते एक्सेंट्रिक. कोपर काटकोनात रोखून धरले की आयसोमेट्रिक.

लांबत असताना स्नायू सर्वांत जास्त भार पेलतो. जे वजन उचलवत नाही ते सावकाश खाली सोडता येते. शिवाय ऊर्जाही कमी लागते. १९५२ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचे, दुसऱ्याने ते उलटे फिरणारे पेडल रोखायचे. दोघांचे बल सारखेच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन बराच कमी लागला.

म्हणून वाढीसाठी एक्सेंट्रिकच सर्वश्रेष्ठ, असा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे. अनेक अभ्यासांच्या २०१७ मधील एका एकत्रित विश्लेषणात स्नायूंची सरासरी वाढ एक्सेंट्रिकने १० टक्के आणि काँसेंट्रिकने ६.८ टक्के आढळली, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. फरक दिसतो तो वाढीच्या घडणीत: एक्सेंट्रिकने स्नायुतंतूंचे जुडगे लांबतात, तर काँसेंट्रिकने त्यांचा स्नायूच्या ओढीच्या दिशेशी असलेला तिरकेपणा अधिक वाढतो. आयसोमेट्रिकने स्नायू वाढतो, मात्र तो ताणलेल्या स्थितीत रोखला तर जास्त. त्यातून मिळणारी ताकद मुख्यतः सरावातल्या कोनाच्या आसपासच राहते.

व्यवहारात बहुतेकांचा एक्सेंट्रिक भाग फुकट जातो, कारण वर नेलेले वजन ते नुसते सोडून देतात. खाली आणायला २ ते ४ सेकंद द्यावेत. त्याहून फार रेंगाळल्यास वजन किंवा आवर्तने घटतात आणि हाती विशेष काही लागत नाही. उचलण्याच्या कमाल क्षमतेपेक्षा जड वजन केवळ उतरवण्याचा व्यायाम अनुभवी व्यक्तीनेच, जोडीदार शेजारी असताना करावा.

एक्सेंट्रिकनंतरची ठणक २४ ते ७२ तासांत टिपेला जाते. तोच व्यायाम आठवड्याभराने पुन्हा केला तर ती बरीच कमी होते, वाढ मात्र चालू राहते. तेव्हा ठणकेवरून वाढीचा अंदाज बांधू नये. नवशिक्याने पहिल्या दिवशी एक-दोन हलके सेटच करावेत. अति केल्यास स्नायुपेशी फुटून त्यांतले प्रथिन मूत्रपिंडांना इजा करू शकते. लघवी गडद तपकिरी झाली तर तातडीने रुग्णालय गाठावे.