आधी कारागिराचे दिवस मोजले गेले : घरून चालणाऱ्या व्यवसायाची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या संसदेनं १७७७ साली लोकरीच्या धंद्यासाठी एक कायदा केला. व्यापाऱ्यानं कातायला दिलेली लोकर कारागिराच्या घरून आठ दिवसांत परत आली नाही, तर त्यानं माल लाटला असं धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची. त्याआधीच्या, १७४९ च्या कायद्यात हीच मुदत एकवीस दिवसांची होती. अठ्ठावीस वर्षांत ती निम्म्याहूनही कमी झाली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा टेबलावरची वही उघडून बघितली. अनुवाद आणि संपादनाचं काम मी घरूनच, एकटीनं चालवते. वहीत चार रकाने आहेत: काम आलं, काम दिलं, बिल पाठवलं, पैसे जमा झाले. पहिल्या तीन रकान्यांतल्या तारखा एकमेकींना चिकटून असतात. चौथी कधी पंधरा दिवसांनी, कधी चार महिन्यांनी येते. घरून काम करण्याबद्दल जे काही बोललं जातं त्यात जागेची चर्चा फार होते, वाय-फाय, खुर्ची, शांतता वगैरे. या चौथ्या रकान्याचा इतिहास मात्र क्वचितच कुणी सांगतं. म्हणून ही पार्श्वभूमी.

घरून काम २०२० च्या साथीत सुरू झालं, असा समज आता पक्का होत चालला आहे. खरं तर नवी गोष्ट आहे ती ऑफिस आणि कारखाना. त्याआधी शेकडो वर्षं घर आणि कामाची जागा एकच होती. यॉर्कशायरमधली विणकरांची जुनी घरं अजून उभी आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यावर खिडक्यांची सलग, लांबलचक रांग दिसते. ती शोभेसाठी नव्हती. माग वर असायचा आणि त्याला दिवसभर उजेड लागायचा, म्हणून घर बांधतानाच खिडक्या तशा ठेवल्या जायच्या. खाली चूल, पाळणा, बिछाने, वर माग. घरातली बायका-मुलं पिंजायची, कातायची, पुरुष विणायचा.

कच्चा माल व्यापाऱ्याचा, घर आणि हात कारागिराचे, मजुरी नगावर. व्यवहार एवढाच. पण त्यात एक मेख होती. जॉन के यानं १७३३ मध्ये मागावर आडवं सूत झपाट्यानं नेणारा धावता धोटा काढला आणि विणण्याचा वेग वाढला. कताई मात्र होती तशीच राहिली. एका मागाला पुरेल एवढं सूत कातायला कितीतरी हात लागत. परिणामी सुताची वाट बघत माग थांबायचा. त्या रिकाम्या दिवसांची मजुरी व्यापारी देत नसे, कारण मजुरी नगावर होती आणि नग झालेलाच नसे. छप्पर, उजेड, मागाची दुरुस्ती, मंदीतले दिवस, हा सगळा खर्च कारागिराच्या अंगावर. कामाचा दिवस कधी सुरू करायचा हे त्याच्या हातात होतं, सोमवारी खाडा करून आठवड्याच्या शेवटी रात्री जागवण्याची विणकरांची सवय प्रसिद्धच आहे. हे स्वातंत्र्य खरं होतं. त्याची किंमतही खरी होती.

बंगालात ईस्ट इंडिया कंपनीचा कापडाचा व्यवहार दादनीवर चाले. मध्यस्थ व्यापारी विणकराला आगाऊ रक्कम द्यायचे. १७५३ पासून कंपनीनं हे मध्यस्थ बाजूला करून आपले गुमास्ते नेमले. आगाऊ पैसे घेतलेल्या विणकराला दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल विकण्याची सोय उरत नसे. इसार दिला की माणूस बांधला गेला. इसाराचा हा उलटा अर्थ लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण त्याकडे शेवटी परत यायचं आहे.

मग १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइटनं क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली आणि काम घराबाहेर पडलं. कारखाने यंत्रांमुळे आले की मालकाला देखरेख हवी होती म्हणून आले, यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला आहे. स्टीफन मार्गलिन यांनी १९७० च्या दशकात देखरेखीच्या बाजूनं जोरदार मांडणी केली. तिला विरोधही तितकाच झाला. मला वाटतं, १७४९ आणि १७७७ चे ते दोन कायदे बघितले की देखरेखीची बाजू सहज उडवून लावता येत नाही. घरात बसलेल्या कारागिराचा वेळ मालकाला दिसत नव्हता. आधी त्यानं कायद्यानं दिवस मोजायचा प्रयत्न केला, पुढे भोंगा लावून तास मोजले.

घरून काम करणं मात्र संपलं नाही. शिवण, काडेपेट्यांची खोकी, सिगार वळणं असली कामं शहरांतल्या कोंदट खोल्यांत चालूच राहिली, बहुतेक बायकांच्या हातून. सिंगर कंपनीनं १८५६ च्या सुमारास शिवणयंत्रं हप्त्यानं विकायला सुरुवात केली आणि हत्याराचा खर्चही काम करणारीवर गेला. आज लॅपटॉप, सॉफ्टवेअरची वर्गणी आणि विजेचं बिल स्वतः भरणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

फ्रीलान्स हा शब्द छापील रूपात रुळला तो वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीमुळे. तिथे तो भाडोत्री भालाईतांसाठी येतो, कुठल्याही सरदाराशी कायमचे बांधलेले नसलेल्या. पत्रकार-लेखकांसाठी तो पुढे वापरात आला.

एकहाती व्यवसायाच्या इतिहासात त्यापेक्षा कितीतरी मोठी घटना एका बूट बनवणाऱ्याच्या नावावर आहे. ॲरन सॉलोमन लंडनमध्ये बुटांचा धंदा करायचा. १८९२ साली त्यानं धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात भागधारक हवे होते, म्हणून बायको आणि पाच मुलांना एकेक शेअर दिला आणि बाकीचे वीस हजार एक शेअर स्वतःकडे ठेवले. थोड्याच काळात धंदा बुडाला. घेणेकरी म्हणाले, ही कसली कंपनी, हा तर एकटा सॉलोमन. याच्याच खिशातून वसुली करा. खालच्या न्यायालयांनी त्यांचं ऐकलं. हाउस ऑफ लॉर्ड्सनं नोव्हेंबर १८९६ मध्ये ते निकाल फिरवले: कंपनी कायदेशीर रीतीनं स्थापन झाली असेल तर ती आणि तिचा मालक या दोन वेगळ्या व्यक्ती, मग मालक व्यवहारात एकटाच का असेना.

या निकालावर टीका भरपूर झाली, आणि घेणेकऱ्यांच्या बाजूनं बघितलं तर ती समजण्यासारखी आहे. पण घरून धंदा करणाऱ्यासाठी त्याचा अर्थ खोल आहे. ज्या छपराखाली काम चालतं तेच छप्पर धंदा बुडाल्यावर जाऊ नये, यासाठी घर आणि धंदा यांच्यात कायद्यानं ओढलेली एक ठळक रेघ ती हीच. जर्मनीनं त्याच १८९२ साली छोट्या धंद्यांना साजेशा मर्यादित दायित्वाच्या कंपनीचा कायदा केला होता. युरोपीय समुदायानं एकाच सभासदाच्या कंपनीला सर्व सदस्य देशांत मान्यता द्यायचा निर्देश काढला तो १९८९ मध्ये. तोवर कित्येकांना कागदोपत्री घरच्यांची नावं घालावी लागत होती.

आजच्या अर्थानं दुरून काम करणारी पहिली मोठी संस्था उभी केली ती एका बाईनं. स्टेफनी शर्ली १९३९ मध्ये नाझींपासून वाचवलेल्या मुलांच्या आगगाडीनं इंग्लंडला पोचल्या. १९६२ साली त्यांनी घरच्या टेबलावर फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स ही कंपनी काढली, भांडवल सहा पौंड. लग्न किंवा बाळंतपणामुळे नोकरी सुटलेल्या, संगणकाचं काम येणाऱ्या बायकांना त्या घरबसल्या काम द्यायच्या. या बायकांच्या घरी संगणक नव्हता. प्रोग्रॅम पेन्सिलीनं कागदावर लिहायचा, टपालानं पाठवायचा, तिकडे त्याची संगणकाला वाचता येतील अशी छिद्रांची कार्डं किंवा फिती पाडल्या जायच्या. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग अशा घराघरांतून झालेलं आहे.

शर्ली पत्राखाली ‘स्टीव्ह’ अशी सही करायच्या, कारण स्टेफनी नावानं पाठवलेल्या पत्रांना उत्तरं येत नसत. फोन वाजला की टायपिंगचा आवाज भरलेली टेप लावायच्या, म्हणजे मागचं बाळाचं रडणं झाकलं जाईल आणि पलीकडच्याला भरलेलं ऑफिस ऐकू येईल. ही टेप मला फार जवळची वाटते. मीटिंगच्या आधी दार लोटून घेणं, आवाज बंद करणं, पाठीमागं खोटं कपाट दाखवणं हे सगळं आपण आजही करतो. घर असणं ही लपवायची गोष्ट आहे, हे तेव्हापासून चालत आलेलं आहे. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष फक्त तीन होते. १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यानंतर कंपनीला पुरुषांसाठी दार उघडावं लागलं.

टेलिकम्युटिंग, म्हणजे ऑफिसात न जाता दुरून काम करणं, हा शब्द जॅक नाइल्स यांनी १९७३ मध्ये काढला. ते आधी अवकाश-संशोधनाशी निगडित अभियंते होते, आणि लॉस एंजेलिसच्या वाहतूक कोंडीत अडकलेली माणसं बघून त्यांना प्रश्न पडला होता: कामाकडे माणूस न्यायच्या ऐवजी माणसाकडे काम का नेऊ नये? त्याच वर्षी तेलसंकट आलं आणि प्रश्नाला धार आली. नाइल्स यांच्या पहिल्या प्रयोगात लोक घरून नव्हे, घराजवळच्या छोट्या शाखांतून काम करायचे. घरोघर पुरेशी यंत्रं यायला आणखी काही वर्षं लागली. वैयक्तिक संगणक, मोडेम, मग १९९० च्या दशकातलं वेब, २००३ चं स्काइप: ही मालिका सगळ्यांना ठाऊक आहे. काम मिळवून देणारी ईलान्ससारखी संकेतस्थळंही १९९९ च्या आसपास उभी राहिली. त्यांनी गिऱ्हाईक दारात आणून दिलं, आणि त्याच दारात जगभरची स्पर्धाही.

एक मुद्दा या तांत्रिक मालिकेत बसत नाही, पण त्याशिवाय ही कहाणी अर्धीच राहील. १९७२ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांनी स्वयंरोजगारी बायकांची ‘सेवा’ ही संघटना नोंदवायला नेली, तेव्हा अधिकाऱ्यांनी हरकत घेतली की या बायकांना मालकच नाही, मग संघटना कुणाविरुद्ध? बायकांचं म्हणणं होतं की संघटना कुणाविरुद्ध नाही, आमच्यासाठी आहे. नोंदणी झाली. पुढे घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला, त्यामागे या चळवळीचा मोठा रेटा होता. मोजक्याच देशांनी तो स्वीकारला आहे. याच संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच, जगात सुमारे २६ कोटी माणसं घरून काम करत होती. त्यात बायका निम्म्याहून जास्त. विडी वळणारी, शिवण घेणारी, ऑनलाइन काम करणारी, सगळी या आकड्यात आहेत.

नोकरदारांचं घरून काम कसं चालतं हे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत नऊ महिने तपासलं. घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण प्रयोग संपल्यावर त्यातल्या सुमारे निम्म्यांनी घरून काम चालू ठेवायला नकार दिला. मुख्य तक्रार एकटेपणाची. पगार ठरलेला असताना ही गत. ज्याला कामही स्वतः शोधायचं आणि पैशाचा तगादाही स्वतःच लावायचा, त्याच्या एकटेपणाची मोजणी त्यात नाही.

आणि तगाद्याचा कायदा यायला मात्र फार उशीर झाला. कारागिराचे दिवस १७४९ पासून मोजले जात होते. ब्रिटनमध्ये छोट्या धंद्याला उशिराच्या पेमेंटवर व्याज मागायचा हक्क मिळाला १९९८ मध्ये. युरोपीय संघानं २००० साली पहिला निर्देश काढला आणि २०११ मध्ये तो कडक करून धंद्या-धंद्यांतल्या व्यवहाराला साधारण ६० दिवसांची मर्यादा घातली. भारतात २००६ च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी ४५ दिवसांची कमाल मुदत ठरवली. न्यूयॉर्क शहरानं २०१७ मध्ये खास फ्रीलान्स काम करणाऱ्यांसाठी नियम लागू केला: करारात तारीख नसेल तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे.

कायदा हातात असूनही माणूस गप्प का बसतो, हे मी स्वतः अनुभवलं. एका गिऱ्हाइकाकडे माझं बिल चार महिने पडून होतं. दर वेळी नवा माणूस फोन उचलायचा आणि बिल पुन्हा पाठवा म्हणायचा. व्याज मागता आलं असतं. मागितलं नाही, कारण पुढचं कामही त्यांच्याकडूनच यायचं होतं. पैसे आले, व्याजाविना. त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. बिलावर ‘देय दिनांक’ ठळक छापते. आणि मोठं काम हातात घेण्याआधी एक तृतीयांश रक्कम इसार म्हणून घेते. दादनीतला इसार विणकराला बांधायचा. हा इसार काम देणाऱ्याला बांधतो. वहीत त्यासाठी पाचवा रकाना आखला आहे, अगदी पहिल्याच्या शेजारी.